बूट काढल्यावर

वस्ताद, आज दुपारी मी बूट काढले आणि मोटारीला हात लावला.

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्याबद्दल कुणाजवळ वाईट बोललो नाही. माझ्या रोजनिशीतही नाही, आणि तिच्यात मी बरंच वाईट लिहितो, बहुतेक स्वतःबद्दल. पण आज हात अजून खांद्यापर्यंत जड आहे, आणि मला तुमचा इतका राग आलेला आहे की समोर असता तर वय, नातं काही पाहिलं नसतं. अकोल्याच्या या जिनिंगमध्ये विजेचं सगळं काम माझ्याकडे आहे. लढाईमुळे नवीन यंत्र मिळत नाही, म्हणून मालकांनी गेल्या महिन्यात एक जुनी मोटार आणली. इथं आणल्यावर तिला हिरवा रंग दिलेला, पितळी पट्टी घासून चकचकीत केलेली. आज सकाळी तिथं झाडणारी एक बाई माझ्याकडे आली आणि मोटारीकडे बोट करून म्हणाली, ‘साहेब, थे चावते.’ माझ्या हाताखालचा फिटर हसला. त्यानं जाऊन मोटारीवर तळवा ठेवला, तिला थोपटलं, आणि म्हणाला, कुठं चावते, गाय हाय गाय. त्याच्या पायात बूट होते. ते हसणं मला इतकं ओळखीचं वाटलं की मी तिथंच खाली बसून नाड्या सोडल्या. देवळात आल्यासारखा हा बूट का काढतो म्हणून सगळे पाहत राहिले. तुम्ही शिकवलंत तसा उलटा हात लावला, म्हणजे झटका बसला तर मूठ आवळत नाही, हात सुटून येतो. आला. मोटार थांबवली, पट्टीखालचा हिरवा रंग चाकूनं खरवडला, आणि खाली तीन टिंबं निघाली. दोन सरळ, तिसरं वाकडं.

म्हणजे ही तीच. अमरावतीच्या मालकानं विकली, मग कुणी दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, आणि प्रत्येकानं तुमची टिंबं पाहून घेतली. आमच्या मालकांनीही मला तेच सांगितलं होतं. त्या अमरावतीच्या वस्तादची टिंबं आहेत, मग पाहायचं काय उरलं? मेल्यावरही तुमचा शब्द चालतो आहे, वस्ताद. अमरावतीला याच मोटारीपायी एका बाईची दोन बोटं गेली, तिचाच हात ओला होता असं तुम्ही माझ्याकडून कागदावर लिहवून घेतलंत, आणि तुमचा शब्द अजून चालतो आहे.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. बीएस्सी होऊन चार वर्षं मास्तरकीसाठी अर्ज करत फिरलेला. वडील वकिलाकडे कारकुनी करत, त्यांना मी हातात पाना धरणं मरणासारखं वाटलं. तुम्ही बडनेऱ्याजवळच्या माळ्याचे. वांगी, मेथी, झेंडू यांच्या वाफ्यांतून उठून रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर, म्हणून लागलात, तिथं विजेचं काम नुसतं पाहून पाहून शिकलात, आणि अमरावतीच्या जिनिंगमध्ये वीज आली तेव्हा गावात ते जाणणारे तुम्ही एकटे. पहिल्या दिवशी मला ‘तुमी’ म्हणालात. तिसऱ्या दिवशी मी चुकीचा फ्यूज काढला तेव्हा ‘तू’वर आलात आणि मग तिथंच राहिलात. मला ते आवडलं होतं. ‘काय म्हनते तुयं कालेज?’ हा तुमचा रोजचा प्रश्न. मी पुस्तकातलं काही सांगितलं की शांतपणे ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, ‘बरोबर हाय. आता थे तुया पुस्तकाले सांग का बेअरिंग बदलून दे म्हना.’ सगळे हसत, मीही हसे. पण हे खरं आहे की यंत्राची नाडी तुम्हाला कळायची. नुसत्या वासावरून तारेची कोणती गुंडाळी तापते ते सांगायचात. लाकडी दांडा एका टोकानं बेअरिंगला आणि दुसऱ्या टोकानं कानाला लावून ऐकायचात, आणि तुमचं निदान चुकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. म्हणूनच राग जास्त आहे. अडाणी माणसावर इतका आला नसता.

ही मोटार आपण दोघांनीच आणली. मुंबईच्या एका बंद पडलेल्या गिरणीचं सामान विकायला होतं. मालकानं तुम्हाला पाठवलं आणि इंग्रजी वाचायला मला बरोबर दिलं. त्या गोदामात दोन दिवस तुम्ही एकेका मोटारीचं झाकण काढून आत डोकं घालून बसलात. ही तुम्हाला पसंत पडली. वायर आणि बॉडी यांच्यामध्ये दिवा लावून पाहिला, पेटला नाही, म्हणजे वीज बॉडीत उतरत नाही. मी म्हणालो, वस्ताद, ही थंड आहे. गुंडाळीवरचं वेष्टण जुनं असलं तर तापल्यावर गळती सुरू होते, दोन तास चालवून मग पाहायला हवं. तुम्ही म्हणालात, ‘पोरगी पाहाले आलो, तिले काय दोन तास नाचवून पाह्यतं काय?’ गोदामवाला इतका हसला की त्यानं चहा मागवला. मग तुम्ही खिशातून लोखंडावर खूण ठोकायचा पंच काढला. पास केलेल्या प्रत्येक यंत्रावर पट्टीखाली तीन टिंबं मारायची, ही तुमची रीत. दोन मारलीत आणि हातोडी माझ्याकडे दिलीत. ‘हान, तुयंबी एक.’ माझ्या हातून पंच घसरला, टिंब वाकडं बसलं. परत आल्यावर तुम्ही मला जवाहर दरवाजाजवळच्या चांभाराकडे नेऊन बूट करवून दिलेत, अगदी तुमच्यासारखे, खाली जाड तळाचे. चपला घालून मिस्त्री होता येत नाही म्हणालात. तुम्ही स्वतः पंचवीस वर्षांचे होईपर्यंत अनवाणी होता, पहिले बूट रेल्वेनं दिले, आणि त्या दिवशी गावातले लोक पहिल्यांदा रामराम घालायला थांबले, हेही त्याच दुकानात सांगितलंत. मला तेव्हा ती गोष्ट फार मोठी वाटली होती. आज वाटतं, त्या बुटांनी तुमचं सगळं शिकलेलं घालवलं.

मोटार बसवली तो दसऱ्याचा सुमार. दिवाळी गेली, कापूस आला, काम जोरात सुरू झालं. माघात एक दिवस तीन बाया आपल्याकडे येतात. पुढं होती ती चांदूर बाजारकडची, हंगामापुरती येणारी, मोटारीच्या जाळीवर साचलेली रुई काढायचं काम तिचं. रुई साचली तर आग लागते, म्हणून तासातासानं तिला तिथं हात घालावा लागे. ती म्हणाली, ‘वस्ताद, थे चावते.’ तुम्ही विचारलंत, दात कुठं आहेत तिचे, दाखव. बाया हसल्या, ती हसली नाही. तुम्ही उठून गेलात, चालत्या मोटारीवर हात ठेवलात. मलाही ठेवायला लावलात. काही नाही. नुसती गरम आणि थरथरणारी. तेव्हा ती तुमच्या पायांकडे पाहून जे बोलली ते मी त्या रात्री जसंच्या तसं रोजनिशीत उतरवलं आहे, कारण मला ते विनोदी वाटलं होतं. ‘तुमी जोडे घालून राह्यले. तुमाले कायले चावन थे? आमालेच चावते.’ तुम्ही म्हणालात, ‘मंग तिलेबी मानसाची पारख हाय म्हना.’ सगळी शेड हसली. तुम्ही, मी, तिच्याबरोबरच्या दोघी.

वस्ताद, निदान तिनं केलं होतं. एका वाक्यात. जाड कोरड्या चामड्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जात नाही, अनवाणी माणसाच्या जाते. हे मी तीन वर्षं कॉलेजात फळ्यावर पाहिलं होतं, आणि तिच्या तोंडून ऐकून विनोद म्हणून लिहून ठेवलं.

पण एवढ्यावर मी तुमच्यावर चिडलो नसतो. चूक माणसाकडून होते. मी चिडलो आहे तो शेवटच्या गाठीच्या दिवसावरून. हंगामातली कापसाची शेवटची गाठ बांधली की आपल्याकडे तिची आणि यंत्रांची पूजा व्हायची. चैत्र लागला होता. शेडच्या दारात जोड्यांची रांग लागलेली. मालक, त्यांचे भाऊ, मुनीम, सगळे अनवाणी आत. मोटार चालू ठेवायची, चालत्या यंत्राचीच पूजा, हा मालकाचा आग्रह. तुम्ही डाव्या हातात ताम्हन घेऊन पुढं झालात, उजव्या हाताचं बोट ओल्या कुंकवात बुडवलंत आणि पट्टीवर टेकवलंत. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभा आहे. तुमचा खांदा उडतो. ताम्हन खाली पडतं, पाणी, अक्षता, सुपारी लांबवर जातात. मालक विचारतात काय झालं. तुम्ही मोटारीकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहता. मग म्हणता, ‘हात घसरला.’ पुढची पूजा तुम्ही दुरून अक्षता टाकून पूर्ण केलीत, आणि प्रसाद घ्यायच्या आधी दारात जाऊन बूट घातलेत, दोन्ही नाड्यांना दुहेरी गाठी मारून. त्या दिवशीची माझी नोंद एका ओळीची आहे. ‘शेवटच्या गाठीची पूजा. वस्तादांच्या हातून ताम्हन पडलं.’ पडलं, असंच लिहिलं आहे.

तुम्हाला त्या दिवशी कळलं. पुढं अख्खा उन्हाळा आणि पावसाळा मोटार बंद उभी होती. उघडून गुंडाळी बदलता आली असती. मालकाला सांगायचं होतं की मी निवडलेली मोटार गळते, एवढंच. मी दोनदा विषय काढला. एकदा तुम्ही वर पाहिलंच नाही. दुसऱ्यांदा म्हणालात, दसऱ्याला पाहू. आणि दसऱ्याला तुम्ही खरोखर पाहिलंत. शेडमध्ये कुणी नाही असं पाहून बूट काढलेत, मोटार दोन तास चालवून तापवलीत आणि हात लावलात. मी दाराआडून पाहत होतो. काही झालं नाही. तुमच्या चेहऱ्यावर किती सुटल्यासारखं वाटलं ते मला अजून दिसतं. मलाही तसंच वाटलं. दोष आपोआप गेला, असं आपण दोघांनी एकमेकांशी न बोलता ठरवून टाकलं.

पुढच्या माघात, भर दुपारी, तिनं जाळीवरची रुई काढायला हात घातला आणि तो तिथंच आवळला गेला. दुसऱ्या बाईनं कोरड्या पोत्यानं तिला ओढलं. हात सुटला तो झटक्यानं मोटारीच्या फिरत्या पट्ट्यात गेला. उजव्या हाताची दोन बोटं. मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या बाकावर ती शुद्धीत होती, रडत नव्हती. म्हणाली, ‘मी सांगतलं होतं ना भाऊ.’ एवढंच. त्यानंतर मी तिचा आवाज ऐकला नाही.

दसऱ्याला न चावणारी मोटार माघात का चावते, हे मी तुम्हाला न विचारता आठ दिवसांनी शोधलं. मोटारीच्या बॉडीपासून एक तांब्याची तार शेडबाहेर जाते आणि जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडलेली असते. बॉडीत वीज उतरली तर ती माणसातून न जाता या वाटेनं जमिनीत जावी म्हणून. ती जागा मी खणली. खणायची फारशी गरजच पडली नाही. जमीन भेगाळली होती, माझा अख्खा हात मनगटाच्या वरपर्यंत भेगेत गेला. आत पत्रा नुसता उभा होता, दोन्ही बाजूंना हवा. मातीनं त्याला सोडलं होतं. दसऱ्याला पावसानं भिजलेली काळी माती त्याला घट्ट धरून होती म्हणून वीज मुकाट खाली जात होती, आणि माती वाळत गेली तशी ती वाट बंद झाली आणि उरली ती बाईची. त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घातलं असतं तरी पुरलं असतं.

दोन बादल्या पाणी, वस्ताद. आणि तुम्ही माळी. काळ्या मातीचं माघात काय होतं हे या वऱ्हाडात तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं का? वांग्याच्या वाफ्याला पाणी कधी चुकलं तर मातीत बोट घालून किती खोल वाळली ते सांगणारा माणूस तुम्ही. रेल्वेतून परत आल्यावरही घरामागचे चार वाफे सोडले नाहीत, पहाटे कामावर येण्याआधी मोट धरायचात. त्या वाफ्यापासून या खड्ड्यापर्यंत येताना मध्येच तुम्ही बूट घातलेत आणि माती विसरलात. मी तर वकिलाच्या कारकुनाचा मुलगा, मला माती कधी कळलीच नव्हती. तुम्हाला कळत होती. हे मी तुम्हाला माफ करू शकत नाही. हे सगळं तुमच्यासमोर मांडलं तेव्हा तुम्ही खड्ड्याशी उकिडवे बसून बराच वेळ ढेकूळ हातात फोडत राहिलात, आणि उठताना फक्त म्हणालात, ‘पाह्य बावा, कोनाले सांगू नको आता.’

नागपूरहून इन्स्पेक्टर येणार म्हणून मालकानं आधी लेखी हकीकत मागितली. इंग्रजीत हवी होती. आपण ऑफिसच्या मागच्या खोलीत बसलो आहोत. तुम्ही दौत माझ्याकडे सरकवता आणि म्हणता, ‘तुमीच लिवा. तुमाले येते.’ तीन वर्षांनी पुन्हा ‘तुमी’. त्या एका शब्दानं मला जे वाटलं ते आजही वाटतं. शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. हकीकत गेली. बाई ओल्या हातानं, काम नसलेल्या जागी गेली, असं ठरलं. इन्स्पेक्टर आले, त्यांनी बूट घालून मोटारीला हात लावला, ठीक आहे म्हणाले. पुढच्या हंगामाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. दोन वर्षांनी तापानं तुम्ही गेलात. शेवटी मी भेटायला आलो होतो, तुमच्या घरी, वाफ्यांपलीकडच्या त्या पडवीत. तुम्ही विचारलंत, काय म्हनते तुयं कालेज, आणि मी हसलो. बोलायचं ते बोललो नाही. मरणाऱ्या माणसाला काय बोलायचं, असं रोजनिशीत लिहिलं आहे. ते खरं कारण नव्हतं.

आज इथली मोटार मी सील केली. मालक रागावले आहेत. हंगामाचे दिवस आहेत, आणि वस्तादच्या टिंबांवर तुम्ही कोण, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. मी सांगितलं, तिसरं टिंब माझं आहे. ते त्यांना समजलं नाही. मग मी हकीकत लिहून दिली, या वेळी मराठीत: मोटार तापल्यावर बॉडीत वीज उतरते, जमिनीची तार निकामी आहे, आणि हा दोष झाडणाऱ्या बाईनं दाखवून दिला. ती बाई बाहेर उभी होती. तिला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, मंग आता मायं काम जाते काय? मी नाही म्हणालो. मालक काय करतील हे मला माहीत नाही, तरी नाही म्हणालो.

इतकं लिहिल्यावर सुरुवातीचं वाचलं. तिचा हात ओला होता असं तुम्ही लिहवून घेतलंत, असं मी वर लिहिलं आहे. सोळा वर्षांत हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की लिहिताना हात अडला नाही. ते खोडत नाही, तसंच राहू दे, पण ते खोटं आहे. तुम्ही म्हणाला होतात, ‘लिवा, कारन समजलं नाई.’ ते तरी अर्धं खरं होतं, आणि इन्स्पेक्टरनं विचारलं असतं तर कदाचित तुम्ही उरलेलं सांगितलं असतं. मला मात्र ते कागदावर लाजिरवाणं दिसलं. एक नावाजलेला वस्ताद, एक बीएस्सी, आणि कारण समजलं नाही? म्हणून ओला हात मी घातला. काम नसलेली जागाही मीच घातली. वाक्य चांगलं झालं होतं. तुम्हाला मराठीत अर्थ सांगितला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘असं लिवता येते काय?’ मी म्हणालो, येतं. तुम्ही मोडीत सही केलीत.

अमरावतीहून चांदूर बाजारला सकाळी प्रवाशांची मोटार सुटते. आगगाडीनं बडनेऱ्यावरून अमरावतीला जाऊन मला ती सहज मिळेल. या रविवारी जाऊन त्या बोटं गेलेल्या बाईचा पत्ता काढणार, असं इथं लिहायचं होतं. पण ती मोटार तेव्हाही रोज सुटायची, आणि असं मी याआधी रोजनिशीत दोनदा लिहिलं आहे.